विश्लेषण : मालदीवच्या ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ पॅकेजमध्ये स्कूबा, सर्फिंग येते का? ‘ॲडल्ट्स ओन्ली’ रिसॉर्ट निवडताना काय तपासावे?

मुंबईहून विमानाने सुमारे तीन तासांवर असलेल्या मालदीवमध्ये राहणे, खाणे-पिणे एकाच रकमेत देणारी रिसॉर्ट अनेक आहेत. लहान मुलांना प्रवेश नसलेली रिसॉर्टही तिथे आहेत. निवांत पडून राहायला जाणाऱ्यांसाठी हे पॅकेज सोयीचे ठरते. मात्र, पोहणे, स्कूबा डायव्हिंग किंवा सर्फिंगसाठी जाणाऱ्यांचे बिल निघताना फुगलेले असू शकते. पैसे भरण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासाव्यात, याविषयी…

‘ॲडल्ट्स ओन्ली’ म्हणजे काय?

चित्रपटांच्या ‘ए’ प्रमाणपत्राशी याचा संबंध नाही. ठरावीक वयाखालील पाहुण्यांना प्रवेश नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही मर्यादा काही ठिकाणी १६, तर काही ठिकाणी १८ वर्षांची असते. त्यामुळे कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी सोबत असेल तर नियम आधी विचारावा. मुले नाहीत म्हणजे साहसी खेळांची रेलचेल आहे, असेही नव्हे. अशी अनेक रिसॉर्ट मधुचंद्राच्या जोडप्यांना समोर ठेवून आखलेली असतात. तिथे स्पा आणि शांतता यांवर भर असतो.

एकरकमी पॅकेजमध्ये काय येते?

ही कल्पना जुनी आहे. १९५० मध्ये जेरार ब्लिट्झ यांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर ‘क्लब मेड’चे पहिले सुट्टी-गाव तंबूंमध्ये सुरू केले. एकदा पैसे भरायचे आणि खेळ, जेवण, मुक्काम सारे त्यात, असे त्याचे स्वरूप होते. पुढे कॅरिबियन बेटांवर ही पद्धत फोफावली. आज मात्र ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ या शब्दाची एकच व्याख्या नाही. मालदीवमध्ये साधारणपणे जेवण, ठरावीक पेये आणि कयाक, पॅडल बोर्ड यांसारखी इंजिन नसलेली साधने पॅकेजमध्ये येतात. जेट-स्की, पॅरासेलिंग, स्कूबा, बोटीने नेणारी स्नॉर्केलिंग सफर आणि सर्फिंग यांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात. काही पॅकेजमध्ये रोज एखादी सफर किंवा डाइव्ह मिळते. पण ते यादीत लिहिलेले असेल तरच धरावे.

कर कसे मोजावेत?

अनेक दरपत्रकांवर आकड्यापुढे दोन अधिक चिन्हे असतात. त्याचा अर्थ सेवाशुल्क आणि कर वेगळे. सेवाशुल्क साधारण १० टक्के असते आणि जुलै २०२५ पासून पर्यटन जीएसटी १७ टक्के झाला आहे. हा कर सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे १०० डॉलरची डाइव्ह प्रत्यक्षात १२८ डॉलर ७० सेंटला पडते. याशिवाय रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर ‘ग्रीन टॅक्स’ आहे. दोघांच्या चार रात्रींचे ९६ डॉलर होतात. तो पॅकेजमध्ये धरला आहे का, हे विचारून घ्यावे.

दिवस किती हाती लागतात?

मालदीवमध्ये बहुतेक रिसॉर्ट स्वतंत्र बेटावर आहेत. माले विमानतळापासून तिथे स्पीडबोट, देशांतर्गत विमान किंवा सीप्लेनने जावे लागते आणि त्याचे भाडे अनेकदा वेगळे असते. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडते. मुंबईचे विमान संध्याकाळी पोहोचणार असेल, तर पहिली रात्र मालेतच जाण्याची शक्यता असते. डायव्हिंगचे स्वतःचे सामान नेणाऱ्यांनी सीप्लेनची वजनमर्यादाही पाहावी.

दुसरी अट शरीराची आहे. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसल्यास हवेचा दाब कमी होऊन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे तयार होऊ शकतात. त्यामुळे अनेक डाइव्ह केल्यानंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा सर्वमान्य संकेत आहे. बरीच केंद्रे २४ तासांचा आग्रह धरतात. सीप्लेनही विमानच आहे.

चार रात्रींच्या सहलीत पहिला दिवस येण्यात आणि पाचवा परतण्यात जातो. पाचव्या दिवशी दुपारी उड्डाण असेल, तर चौथ्या दिवशी सकाळीच शेवटची डाइव्ह घ्यावी लागते. उरतात जेमतेम अडीच दिवस. रोज दोन डाइव्ह धरल्या तरी पाचच होतात. अशा वेळी दहा डाइव्हचे सवलतीचे पॅकेज घेण्यात अर्थ नाही.

बेट कोणते निवडावे?

किनाऱ्यालगतच प्रवाळाची रांग, म्हणजे ‘हाउस रीफ’ असेल, तर बोटीचे पैसे न देता रोज स्नॉर्केलिंग करता येते. निव्वळ उथळ खाजण असलेल्या बेटावर प्रत्येक वेळी सफर विकत घ्यावी लागते. जानेवारी ते एप्रिल समुद्र तुलनेने शांत असतो. सर्फिंगसाठी उत्तर माले प्रवाळद्वीपाचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर आहे. बा प्रवाळद्वीपातील हनीफारू उपसागरात जून ते नोव्हेंबर मांटा रे मोठ्या संख्येने येतात, पण तिथे स्कूबाला बंदी असून केवळ स्नॉर्केलिंग करता येते. डोंगर चढणे किंवा लांब सायकलिंग आवडणाऱ्यांनी मात्र दुसरा देश निवडावा. अनेक रिसॉर्ट बेटांना पायी फेरी मारायला अर्धा तासही लागत नाही.

जाण्यापूर्वी तयारी कोणती?

स्कूबाचा प्राथमिक ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो. तो मालदीवमध्ये केल्यास सगळी सुट्टी त्यातच जाते. सिंधुदुर्गात तारकर्ली येथे ‘एमटीडीसी’ची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे किंवा अन्यत्र प्रमाणपत्र आधीच घेतल्यास मालदीवमध्ये थेट १८ मीटरपर्यंत उतरता येते. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांचा लेखी दाखला घरूनच न्यावा. तिथे ऐनवेळी पाण्यात उतरण्यास नकार मिळू शकतो. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कूबाचा समावेश आहे का आणि किती खोलीपर्यंत, हेही वाचावे. विमा नसताना दूरच्या बेटावरून उपचारासाठी हलवावे लागले, तर तो खर्च अख्ख्या सहलीपेक्षा जास्त होऊ शकतो.

बुकिंगपूर्वी रिसॉर्टला काय विचारावे?

आपण दिवसभरात काय काय करणार, याची यादी आधी करावी. त्यातील प्रत्येक गोष्ट पॅकेजमध्ये आहे की नाही, नसल्यास करांसह दर किती, हे ईमेलवर लेखी घ्यावे. मग दोन बेरजा मांडाव्यात : एक ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ची आणि दुसरी ‘हाफ बोर्ड’, म्हणजे नाश्ता व रात्रीचे जेवण अधिक खेळांचा खर्च अशी. मद्य न घेणाऱ्या आणि दुपारी बोटीवर असणाऱ्या जोडप्याला दुसरी बेरीज बऱ्याचदा स्वस्त पडू शकते.