किनारा, वादळ आणि सायकल

सायकलीवरून दूरचा प्रवास करण्याचा छंद अलीकडे आमच्या अनेक तरुणांना जडला आहे. आणि त्यांतील धाडसी मंडळींना तर कोकणचा किनारा ऐन पावसाच्या तोंडावरच खुणावू लागतो. घरी आईवडिलांचा जीव मात्र टांगणीला लागतो. मुलास जाऊ द्यावे की अडवावे? आमच्या मते हा प्रश्न निराळ्या रीतीने विचारावयास हवा. जाणाऱ्यास वेळेवर थांबता येते काय, हे आधी पाहावे.

अलिबागेहून निघालेला प्रवासी रेवदंडा, कोर्लई, मुरुड करीत आगरदांड्यास येतो आणि फेरीबोटीने दिघीस उतरतो. पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर. मग बाणकोटची खाडी, दाभोळची खाडी, जयगडची खाडी. रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले मागे टाकून तो तेरेखोलच्या मुखाशी पोहोचला म्हणजे समोर गोवा दिसू लागतो. नकाशावर ही वाट समुद्रालगतची, म्हणून सपाट भासते. वस्तुतः ती तशी मुळीच नाही. प्रत्येक खाडीसाठी खाली उतरावयाचे आणि पलीकडे जांभ्या दगडाच्या सड्यावर पुन्हा चढावयाचे, असाच तिचा क्रम आहे. उघड्या सड्यावर झाड नाही, भिंत नाही. वारा आणि वीज यांना आडवा येणारा कित्येकदा सायकलस्वार एकटाच असतो.

वाऱ्याचे गणित प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने चाललेल्या स्वारास समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा लागला, तर अंगावर येणारी हवा ४५ च्या वेगाची होते, आणि निवांत हवेच्या मानाने विरोध नऊपट होतो. म्हणून कोरड्या दिवसांत सहज कापलेले अंतर पावसाळ्यात जमेलच, असे गृहीत धरून मुक्काम ठरवू नये. पावसाळी वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. दक्षिणेकडे जाणाऱ्यास तो समोरून व उजवीकडून झोंबतो, तर उत्तरेकडे जाणाऱ्यास मागून साहाय्य करतो. तेव्हा गोव्याकडून अलिबागेकडे येणे हेच त्या दिवसांत शहाणपणाचे.

खरा धोका मात्र वाऱ्याच्या अचानक तुटण्यात आहे. दक्षिणेकडे जाणारा स्वार उजवीकडच्या वाऱ्यावर रेलून तोल सांभाळीत असतो. तेवढ्यात मागून मालमोटार येते, वारा क्षणभर तिच्याआड अडतो, आणि रेललेला स्वार तिच्याच बाजूस झुकतो; ती पुढे गेली की वाऱ्याचा तडाखा त्यास उलट दिशेला ढकलतो. अवजड वाहनाची चाहूल लागताच वेग कमी करावा, आणि वारा फारच असेल तर खाली उतरून उभे राहावे. अंगावर सैल घोंगता घेऊ नये. किनाऱ्यावर तो शिडासारखा फुगतो. भिजलेल्या चाकाच्या कडेवर ब्रेक लगेच धरीत नाही, म्हणून उतारावर तो आधीपासून हलकेच दाबीत जावे. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, शेवाळलेला जांभा आणि फेरीबोटीचा लोखंडी उतार या तिन्ही ठिकाणी सायकल वळवू नये.

विजेच्या बाबतीत तर धाडसाला जागाच नाही. लखलखाट व गडगडाट यांमधील सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घराचा आसरा घ्यावा, झाडाखाली उभे राहू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. रबरी टायर आपल्यास वाचवितात ही समजूत निव्वळ खोटी आहे. त्याचप्रमाणे, फरशीवरून पाणी वाहत असता ते ओलांडू नये. उधाणाची भरती व मुसळधार पाऊस एकत्र आले की खाडीचे पाणी मागे तुंबते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते, आणि पाऊस उघडला असेल तर वाट पुष्कळदा मोकळी होते. सहा तासांसाठी प्राण पणाला लावण्यात कसले शौर्य?

चक्रीवादळाची गोष्ट याहून निराळी. अरबी समुद्रातील वादळे मुख्यत्वे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर उठतात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' कोकणावर आले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' अलिबागेच्या दक्षिणेस ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने धडकले, आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' गोवा व कोकणच्या किनाऱ्याजवळून गुजरातेकडे गेले. अशा वादळांची सूचना हवामान खाते आधी देते आणि बंदरावर बावटा चढतो. तो चढल्यावर सायकल घराच्या ओटीवरच शोभते.

सर्वांत मोठा मोह खाडीच्या काठी होतो. वादळी हवेमुळे फेरीबोट बंद असते. दाभोळच्या धक्क्यावरून पलीकडचे धोपावे दिसत असते, पण रस्त्याने जावयाचे तर चिपळूणपर्यंत वळसा पडतो. अशा वेळी एखाद्या लहान होडीवाल्याची मनधरणी करावीशी वाटते. ती करू नये, कारण त्यात दुसऱ्याचाही जीव आपण वेठीस धरतो.

थांबण्याने प्रवास उणा होतो, असे कोणी समजू नये. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे मुंबईचे तरुण सायकलीवरून जगप्रदक्षिणेस निघाले ते पाऊस सरल्यावर, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी. सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून १८ मार्च १९२८ रोजी ते परतले. ज्यांना एवढे दूर जावयाचे होते, त्यांनीही निघण्यास कोरडा काळ पाहिला.

आणि समुद्राशी ज्यांचा जन्माचा संबंध, त्या कोळी व खारवी बांधवांची रीत पाहा. पावसाच्या आरंभी ते होड्या ओढून घेतात, शाकारून ठेवतात, जाळी दुरुस्त करतात. त्यांना भित्रे कोण म्हणेल? बारदेशात तर २९ जूनला, संत पेत्र व संत पौल यांच्या सणास, दर्या बंद असता होड्या एकत्र बांधून 'सांगोड' सजवितात आणि नदीवर गाणी गातात. ज्याचा सण ते करतात तो पेत्र स्वतः कोळीच होता. थांबण्याच्या दिवसांचाही या लोकांनी उत्सव केला आहे. हा धडा घेऊन जो तरुण सायकलीवर बसेल, त्यास आईवडिलांनी खुशाल निरोप द्यावा.