काळी न पडणारी गाठ

पायात काटा मोडून जखम पिकली, की जांघेत अवधाण येते, हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. जखम पायाला आणि गाठ जांघेत, असे का? जखमेतील जंतू लसिकावाहिन्यांतून वर येतात व जांघेतील लसिका ग्रंथींत अडवले जातात. तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात. त्या चकमकीची ही सूज.

कर्करोगाच्या पेशीही मूळ गाठीतून सुटल्या, की पुष्कळदा याच वाटेने जातात आणि ग्रंथीतच घर करून वाढू लागतात. हा प्रसार वेळीच कळला, तर शस्त्रक्रिया कोठे करायची, किरणांचा झोत नेमका कोठे सोडायचा, हे ठरवता येते. पण कळावा कसा? एम.आर.आय. चित्रात डॉक्टर मुख्यतः ग्रंथीचा आकार पाहतात. पाच-सहा मिलिमीटरची ग्रंथी निरोगीच वाटते, मग तिच्या पोटात काहीही दडलेले असो!

येथे लोहाचे अब्जांश कण उपयोगी पडले. हे कण आयर्न ऑक्साइडचे, म्हणजे गंजाच्याच गोत्रातले. वर डेक्स्ट्रान या शर्करेचे आवरण. सुमारे ३३ हजार कण ओळीने मांडावेत, तेव्हा कोठे १ मिलिमीटर भरेल! ते शिरेतून रक्तात सोडतात आणि सुमारे २४ तासांनी चित्र घेतात. तोवर भक्षक पेशींनी त्यांना जंतूंसारखेच गिळलेले असते. लोहाच्या चुंबकत्वामुळे तेथून येणारा संदेश क्षीण होतो व निरोगी ग्रंथी काळी दिसते. कर्करोगाने व्यापलेल्या भागात भक्षक पेशींना जागाच उरत नाही. तो भाग उजळ राहतो. गंमत पाहा, हे कण कर्करोगाला शोधतच नाहीत. पहारेकरी कोठे हजर आहेत, एवढेच ते सांगतात.

बोस्टन व नेदरलँड्समधील नायमेगेन येथील मुकेश हरिसिंघानी, येल्ले बारेंट्स आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या ८० रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ३३ जणांत प्रसार झालेला होता. कणांच्या साहाय्याने ते सर्व ओळखता आले. सूक्ष्मदर्शकाखाली ६३ ग्रंथींत कर्करोग आढळला. त्यांतील ४५ ग्रंथी नेहमीच्या कसोटीवर निरोगी ठरल्या असत्या!

प्रसार नसलेल्या ४७ जणांपैकी दोघांवर मात्र उगाच संशय आला. ग्रंथीत चरबी असली, तरी ती जागा उजळ राहू शकते. म्हणून कण सोडण्यापूर्वीचे चित्र शेजारी ठेवूनच नंतरचे चित्र वाचावे लागते.