शालेय पोषण आहार : माप आणि पारख

सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना दुपारी शिजवलेले भोजन देण्याचा आदेश दिला. तोवर अनेक राज्यांत दरमहा तीन किलो धान्य घरी दिले जाई. ते मुलाच्याच पोटात जाईल, याची शाश्वती नसे.

आज पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे माप ठरलेले आहे. त्यातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, ही अपेक्षा. परंतु वरणात पाणी वाढवले, तरी ताट भरलेलेच दिसते. घटतात ती प्रथिने.

निष्काळजीपणा याहून घातक. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशकमिश्रित भोजनाने २३ मुले दगावली. म्हणूनच वाढण्यापूर्वी एका शिक्षकासह दोन-तीन प्रौढांनी अन्न चाखावे, असा दंडक आहे.

पालकहो, हे चाखणारे आपणही होऊ शकतो. प्रगतिपुस्तक पाहायला शाळेत जाल, तेव्हा स्वयंपाकघरातही अवश्य डोकावा. मुलांच्या ताटाची पारख कागदावर होत नसते.