मूल मोठं होतं, हातपाय का आखडतात?

दहाव्या वर्षापर्यंत कुबड्या घेऊन शाळेत जाणारा मुलगा तेराव्या-चौदाव्या वर्षी लवकर दमू लागतो, गुडघ्यांत वाकून चालू लागतो. घरातली माणसं हबकतात. दुखणं वाढलं की काय? सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांच्या आई-वडिलांना ही भीती चांगली परिचयाची आहे.

मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही. वाढतं ते शरीर. वयात येताना हाडं झपाट्याने लांब होतात, पण ताठरलेले स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत. सांधे आखडतात. वजनही वाढतं आणि तो सगळा भार त्याच पायांवर येतो. (हातापायांतली शक्ती भराभर जाऊ लागली, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा, कारण दुसरंही असू शकतं.) गंमत अशी, की नेमक्या याच वयात व्यायाम सुटतो. दहावीचे क्लास सुरू होतात, मूल आईला उचलवत नाही, आणि 'आता काय फरक पडणार' असं म्हणून फिजिओथेरपी बंद होते. स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाने ताठरपणा वाढतो, असं पूर्वी समजलं जाई. ते खरं ठरलेलं नाही.

हाताचं दुखणं वेगळं. एकच बाजू अधू असेल तर मूल तो हात जणू विसरून जातं. मग त्याला दोन्ही हात लागतील अशी कामं द्यायला हवीत: मटार सोलणं, बाटलीचं झाकण उघडणं, पोळी लाटणं. काम मात्र त्याच्या आवडीचं हवं. वेणी घालायला शिकायची असेल, तर मुलगी जितका वेळ हात हलवील तितका नुसता चेंडू दाबायला सांगून हलवणार नाही. हाताळणीची जी श्रेणी २००६ साली स्वीडनमधील तज्ज्ञांनी मांडली, तीसुद्धा बोटं किती सरळ होतात हे बघत नाही. रोजच्या वस्तू मूल कशा हाताळतं, ते बघते.

व्हीलचेअरला आपल्याकडे उगीचच हार मानलं जातं. घरात चालणाऱ्या मुलाने शाळेच्या लांब अंतरासाठी ती वापरली, तर उरलेली ताकद अभ्यासाला आणि मित्रांना मिळते. मुंबईत १९७२ साली मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, तेव्हा अशा मुलांना शाळेची दारं जवळजवळ बंदच होती. आज २०१६ च्या कायद्यात परीक्षेला जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद आहे. त्यासाठी शाळेकडे आठवी-नववीतच चौकशी करावी. ऐन दहावीत धावपळ नको.

पण खरी अडचण सकाळी सातला येते. रिक्षा दाराशी उभी असते आणि शर्टाची बटणं आईच लावून टाकते. मायाच ती, पण मुलाचा हात तिथेच थांबतो. रविवारी घाई नसते, तेव्हा त्यालाच कपडे घालू द्या. अधू हात आधी बाहीत घालायचा, चांगला नंतर. काढताना उलट, चांगला हात आधी बाहेर. पहिल्या दिवशी अर्धा तास लागला तरी चालेल.