चंद्रयात्रेची कचेरी

परदेशी गेलेला प्रवासी राजवाडे पाहतो, प्रार्थनामंदिरे पाहतो, चित्रसंग्रहालये पाहतो. तिकीट काढून एखादी कचेरी पाहावयास जाणारा प्रवासी मात्र विरळाच. टेबले, खुर्च्या, टेलिफोन आणि कागदांच्या चळती ह्यांच्या दर्शनासाठी समुद्र कोण ओलांडील? तथापि अमेरिकेच्या टेक्सस राज्यात, ह्यूस्टन शहराच्या आग्नेयेस, अशी एक कचेरी आहे खरी. १९६९ साली मानव प्रथम चंद्रावर उतरला, तेव्हा त्याच्या यानाचे नियंत्रण ज्या दालनातून झाले, ते दालन आज जसेच्या तसे जतन करून प्रेक्षकांसाठी खुले ठेवले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. अपोलो याने ह्यूस्टनहून उडाली नाहीत. ती उडाली फ्लॉरिडा राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावरून. परंतु रॉकेट प्रक्षेपणाचा मनोरा ओलांडून वर गेले की त्या क्षणी उड्डाणाची सारी जबाबदारी हजाराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या ह्यूस्टनकडे येई, आणि यात्री परत येऊन समुद्रात उतरेपर्यंत ती तेथेच राही. जून १९६५ मधील जेमिनी-४ ह्या उड्डाणापासून ह्यूस्टनच्या केंद्राने हे काम अंगावर घेतले. ज्या दालनाविषयी मी बोलत आहे ते तेथील तीस क्रमांकाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. १९८५ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि १९९२ साली तेथून शेवटचे उड्डाण हाताळण्यात आले.

प्रेक्षकांना ह्या इमारतीपर्यंत एका उघड्या गाडीतून नेतात. पुढे सत्त्याऐंशी पायऱ्या चढाव्या लागतात. वर गेल्यावर आपण मुख्य दालनात प्रवेश करीत नाही. त्याच्या मागच्या बाजूस काचेआड नाटकगृहासारखी खुर्च्यांची रचना आहे, तेथे बसतो. चांद्रयात्रेच्या वेळी यात्रींचे कुटुंबीय आणि मान्यवर पाहुणे जेथे बसत, तीच ही जागा. खुर्च्यांना रक्षापात्रेसुद्धा आहेत. तो काळच धूम्रपानाचा होता. काचेपलीकडे, पायरीपायरीने खाली उतरत गेलेल्या चार रांगा दिसतात. फिकट हिरव्या रंगाची जड लोखंडी टेबले, त्यांत बसविलेले लहान पडदे, लुकलुकणारी बटने. वर कॉफीचे पेले, सिगारेटची पाकिटे, जाडजूड नियमपुस्तके आणि कानाला लावावयाचे श्रवणयंत्र. समोरच्या भिंतीवर मोठे पडदे आहेत. थोड्याच वेळात ते उजळतात आणि चांद्रावतरणाच्या वेळचे मूळ संभाषण आपल्या कानांवर पडू लागते. दालनात मनुष्य एकही नसतो.

ह्या देखाव्याने प्रेक्षक भारावून जातो. परंतु नुसते भारावून परतलो, तर खरे पाहावयाचे ते राहूनच जाते. येथे पाहावयाची वस्तू यंत्र नव्हे. त्या टेबलांना आपण संगणक समजतो, पण ते संगणक नव्हेत. संगणक तळमजल्यावर होते, आणि वरच्या पडद्यांवर केवळ त्यांनी काढलेले आकडे दिसत. येथे पाहावयाचे आहे ते काम वाटून घेण्याचे शास्त्र.

सर्वांत पुढची, पडद्यांच्या अगदी जवळची रांग यानाच्या मार्गाची. तेथील मंडळी आपल्या रांगेला ‘खंदक’ म्हणत. दुसऱ्या रांगेत यात्रींचा वैद्य, यानाची वीज व प्राणवायू सांभाळणारा, इंजिनांवर लक्ष ठेवणारा असे अधिकारी. तिसऱ्या रांगेत उड्डाण-संचालक, आणि चौथीत वरिष्ठ अधिकारी व वृत्तनिवेदक. म्हणजे वरिष्ठ मागे आणि प्रत्यक्ष काम करणारे पुढे! प्रत्येकाकडे एकच विषय. त्या विषयातील तज्ज्ञांची एक लहान तुकडी त्याच इमारतीतील बाजूच्या खोलीत बसलेली असे, आणि श्रवणयंत्रातून ती त्याच्याशी सतत बोलत असे. लेखी निरोप हवेच्या दाबाने चालणाऱ्या नळ्यांतून डब्यात घालून जात. मात्र यात्रींशी बोलावयाचे ते सामान्यतः एकानेच. त्याला ‘कॅपकॉम’ म्हणत, आणि तो स्वतः अंतराळयात्री असे. शेकडो लोकांचे ज्ञान एका परिचित आवाजातून वर पोहोचावे, ही त्यामागची योजना.

ही व्यवस्था कशी चाले ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे प्रत्यक्ष चांद्रावतरणाची घटिका. तारीख २० जुलै १९६९. आपल्याकडे तेव्हा २१ जुलैची उत्तररात्र चालू होती. भारतात त्या काळी दूरचित्रवाणी दिल्लीबाहेर पोहोचली नव्हती, त्यामुळे आपल्या लोकांना ही वार्ता कळली ती बहुतांशी रेडिओवरून आणि वृत्तपत्रांतून. उतरावयास काही मिनिटे उरली असताना यानातील संगणकाने १२०२ ह्या आकड्याचा इशारा दिला. आर्मस्ट्राँग ह्यांनी त्याचा अर्थ विचारला. उड्डाण-संचालक जीन क्रांझ ह्यांना तो ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि तशी अपेक्षाही नव्हती. उत्तर द्यावयाचे होते पहिल्या रांगेतील स्टीव्ह बेल्स ह्यांनी. त्यांचे वय होते सव्वीस. त्यांना बाजूच्या खोलीतून सल्ला दिला जॅक गार्मन ह्यांनी. ते चोवीस वर्षांचे होते. संगणकावर कामाचा भार अधिक झाला आहे, म्हणून तो गौण कामे बाजूस सारून महत्त्वाचे काम चालू ठेवीत आहे. इशारा सतत येत राहिला नाही तर पुढे जाण्यास हरकत नाही, असा त्याचा अर्थ. सुमारे अर्ध्या मिनिटात हा निर्णय खोलीतून रांगेत, रांगेतून संचालकांकडे, तेथून कॅपकॉमकडे आणि त्याच्या मुखाने चंद्राजवळ पोहोचला.

गार्मन ह्यांना हे उत्तर इतक्या त्वरेने कसे सुचले? त्याच महिन्याच्या आरंभी झालेल्या एका सरावात असाच एक इशारा मुद्दाम देण्यात आला होता. त्या वेळी बेल्स ह्यांनी अवतरण रद्द करावयास सांगितले, आणि तो निर्णय चुकीचा ठरला. ह्यावर क्रांझ ह्यांनी त्यांना कामावरून दूर केले नाही. संगणकाचे शक्य ते सर्व इशारे आणि प्रत्येक प्रसंगी करावयाची कृती ह्यांची यादी तयार करण्यास त्यांनी फर्माविले. गार्मन ह्यांनी हाताने लिहिलेली ती यादी त्या दिवशी त्यांच्या टेबलावर पारदर्शक तावाखाली ठेवलेली होती. सरावातील एक चूक लेखी टिपणात उतरली, आणि त्या टिपणाने चांद्रावतरण वाचविले.

दुसरे उदाहरण अपोलो-१३ चे. १३ एप्रिल १९७० च्या रात्री, पृथ्वीपासून सुमारे तीन लाख वीस हजार किलोमीटरांवर, यानातील प्राणवायूची टाकी फुटली. तिघा यात्रींना चांद्रयानाचा आश्रय घ्यावा लागला. ते तर दोघांसाठी, सुमारे दोन दिवसांच्या हिशोबाने बांधलेले होते. तेथे तिघांच्या श्वासाने कार्बन डायॉक्साइड वायू साचू लागला. तो शोषून घेणारे मुख्य यानातील डबे चौकोनी, आणि चांद्रयानातील खाचा गोल! अभियंत्यांनी जमिनीवर प्लास्टिकची पिशवी, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी ह्यांची, म्हणजे यानात असलेल्याच वस्तूंची, जोडणी करून पाहिली. मग कॅपकॉमने ती कृती यात्रींना एकेक पायरीने सांगितली. आकृती पाठविण्याची सोय नव्हती. केवळ शब्दांवरून तिघांनी ते उपकरण बनविले, आणि १७ एप्रिल रोजी ते सुखरूप परतले. पुढे त्यांनी आपल्या चांद्रयानातील एक लहान आरसा ह्या दालनाला भेट दिला: आम्हाला ज्यांनी परत आणले, त्यांना त्यात आपले प्रतिबिंब दिसावे म्हणून. रेडिओपुढे बसून शब्दांवर विसंबणाऱ्या श्रोत्यांना ह्या भेटीचे मोल वेगळे सांगावयास नको.

असे हे दालन १९९२ नंतर पुष्कळ वर्षे हालाखीत होते. गालिचा झिजला, उपकरणे बंद पडली. अखेर तेथे काम केलेल्या वृद्ध मंडळींनी, विशेषतः क्रांझ ह्यांनी, आग्रह धरला. पन्नास लाख डॉलरांचा निधी उभा राहिला. त्यातील पस्तीस लाख शेजारच्या वेब्स्टर ह्या लहानशा शहराने दिले. टेबले दुरुस्तीसाठी कॅन्सस राज्यात पाठविण्यात आली. भिंतीवरील मूळ कागदाचा नमुना आग विझविण्याच्या नळकांड्यामागे सापडला, आणि त्यावरून नवा कागद तयार करविला. १ जुलै २०१९ रोजी दालन प्रेक्षकांना पुन्हा खुले झाले.

रक्षापात्रांपर्यंत सर्व काही जपणाऱ्या ह्या निष्ठेचे कौतुक वाटते. तरीही शासकीय सेवेतील माणसाच्या मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. टेबले जपता येतात. टेबलामागची रीत जपणे कठीण. आपल्या कचेऱ्यांत निर्णय वर पाठविण्याची सवय जुनी आहे. कागद जितका वर जाईल तितके खालच्या माणसाला निर्धास्त वाटते. ह्यूस्टनच्या दालनात ज्याला त्या विषयाचे ज्ञान, त्याचाच शब्द. आणि त्या शब्दामागे उभे राहणे हे वरिष्ठांचे कर्तव्य. हा विश्वास आंधळा नव्हता. महिनोगणती सराव करून, चुका उघडपणे तपासून आणि त्या लिहून ठेवून तो मिळविलेला होता.

ही रीत कोणा एका देशाची मिरास नाही. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्रयान-२ चा अवतरक उतरता उतरता संपर्काबाहेर गेला. आपल्या शास्त्रज्ञांनी त्या अपयशाची चिकित्सा केली, काय काय बिघडू शकेल ह्याचा हिशोब मांडून नवे यान रचले, आणि २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात अलगद उतरले. त्या सायंकाळी बंगळूरच्या नियंत्रण केंद्रातील रांगा साऱ्या देशाने पडद्यावर पाहिल्या. त्या रांगांतील प्रत्येक खुर्चीपुढे एकेक प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार त्या खुर्चीत बसलेल्याला होता. ह्यूस्टनला जाण्याचा योग ज्यांना येईल, त्यांनी त्या सत्त्याऐंशी पायऱ्या अवश्य चढाव्यात. भिंतीवरील मोठ्या पडद्यांवर डोळे खिळतीलच. पण थोडा वेळ पहिल्या रांगेतील रिकाम्या खुर्चीकडेही पाहावे.