जंटो : परस्परोत्कर्षाचे एक मंडळ

इ. स. १७२७ च्या शरदात, ब्रिटिश अंमलाखालील पेनसिल्व्हेनिया प्रांतात, फिलाडेल्फिया शहरी, बेंजामिन फ्रँकलिन या एकवीस वर्षांच्या, गाठी फारशी पुंजी नसलेल्या मुद्रकाने परिचयातील काही होतकरू माणसे जमवून ‘जंटो’ नावाचे मंडळ स्थापन केले. परस्परांच्या साहाय्याने प्रत्येकाने आपली उन्नती साधावी, हा त्याचा उघड हेतू होता. आणि तो केवळ सदिच्छेच्या हवाली न करता त्याला नियमांचे अधिष्ठान दिले गेले, यातच त्याच्या दीर्घायुष्याचे मर्म आहे, अशी माझी धारणा आहे.

सभासद बहुतेक कसबी पेशाचे होते. दस्तऐवजांच्या नकला करणारा जोसेफ ब्रेंटनॉल, काचकामावर उदरनिर्वाह करीत स्वाध्यायाने गणिती झालेला टॉमस गॉडफ्री, मोजणीदार निकोलस स्कल, जोडे शिवण्याच्या धंद्यातून पुढे प्रांताच्या मोजणी खात्याच्या प्रमुखपदी पोहोचलेला विल्यम पार्सन्स, व्यापाऱ्याचा गुमास्ता विल्यम कोलमन अशा मंडळींत खाऊनपिऊन सुखी म्हणावा असा रॉबर्ट ग्रेस.

दर शुक्रवारी सायंकाळी, आरंभी एका मद्यगृहात व पुढे ग्रेसच्या घरी, बैठक भरे. नीती, राज्यकारभार वा सृष्टिशास्त्र यांतील प्रश्न प्रत्येकाने पाळीपाळीने मांडावा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचावा, असा शिरस्ता होता. वादात आग्रही विधान करणाऱ्यास किंवा दुसऱ्याचे म्हणणे तोंडावर खोडून काढणाऱ्यास अल्पसा दंड भरावा लागे. प्रत्येक शब्दात गणिती काटेकोरपणा मागणारा आणि क्षुल्लक गोष्टींवरून हरकती काढणारा गॉडफ्री लवकरच मंडळ सोडून गेला, यावरून या नियमाची निकड ध्यानी येते.

बैठकीचा खरा प्राण म्हणजे चोवीस प्रश्नांची ठराविक यादी. गावात कोणाचा धंदा बुडाला व त्याचे कारण काय ऐकले. कोणाची भरभराट झाली ती कशाने. नुकताच धंद्यात उतरलेला एखादा गुणी तरुण आहे काय, की ज्याला मंडळाने हात द्यावा. कोणा सभासदाच्या लौकिकावर घाला आला असल्यास काय करता येईल, असे ते प्रश्न होते. आपल्या उत्कर्षासाठी आलेल्या माणसाला दर आठवड्यास इतरांची वास्तपूस करावयास लावणारी ही योजना मला अत्यंत सुज्ञपणाची वाटते.

तिचे फळ फ्रँकलिनला लौकरच मिळाले. ब्रेंटनॉलने क्वेकर पंथीयांच्या इतिहासग्रंथाचे चाळीस फर्म्यांचे काम त्याच्या छापखान्यास मिळवून दिले. रोज एक फर्मा जुळविण्याचा नेम त्याने असा पाळला, की एका रात्री जुळविलेली दोन पाने विस्कटली असता ती पुन्हा जुळविल्यावरच तो निजावयास गेला. पुढे भागीदारीच्या कर्जापायी छापखाना हातचा जाण्याची वेळ आली, तेव्हा कोलमन व ग्रेस यांनी एकमेकांस न कळत संपूर्ण रक्कम देऊ केली. त्याने दोघांचे मन राखून प्रत्येकाकडून निम्मी घेतली.

सभासदांनी आपापली पुस्तके एका खोलीत ठेवण्याचा प्रयोग वर्षभरात संपुष्टात आला; तथापि त्याच कल्पनेतून १७३१ मध्ये पन्नास वर्गणीदारांचे, प्रत्येकी चाळीस शिलिंग प्रवेश फी व सालीना दहा शिलिंग वर्गणीचे, सार्वजनिक ग्रंथालय उभे राहिले. आगीच्या धोक्यावरील निबंधही प्रथम येथेच वाचला गेला आणि १७३६ मध्ये अग्निशामक मंडळी स्थापन झाली. सभासदसंख्या बारांवर न नेता, नव्या इच्छुकांसाठी प्रत्येकाने स्वतंत्र उपमंडळ काढावे, असे ठरले व तशी पाचसहा निघालीही.

फ्रँकलिनचे मंडळ सुमारे चाळीस वर्षे टिकले. दहाबारा शेजारी, आठवड्यातील एक ठरलेली सायंकाळ, लेखी प्रश्नावली आणि दुसऱ्याचे बोलणे पुरते ऐकून घेण्याची शिस्त, एवढे भांडवल कोणत्याही तालुक्याच्या गावी जमण्यासारखे आहे. ते जमविण्यास जो पुढे होईल, त्याने पहिल्याच बैठकीत प्रश्नावली वाचून दाखवावी आणि दंडाची रक्कमही सर्वानुमते ठरवून टाकावी.