प्रॉक्सी लावली, पण लपलात का?

“प्रॉक्सी लावली ना भाऊ, आता आपल्याले कोन पाह्यते?” अमरावतीच्या ऑफिसांमधून लंच टाइमला हा डायलॉग मी इतक्यांदा ऐकलाय की म्हटलं, एकदा याचा निकाल लावूच.

समजा, तुम्ही अमरावतीहून ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती अकोल्याला पाकीट पाठवलं. घेणाऱ्याला दिसतो फक्त ड्रायव्हर. पण पाकीट कुणी आणि कधी दिलं, हे ड्रायव्हरला पक्कं ठाऊक असतं. पाकीट उघडं असेल तर तो वाचेलसुद्धा! प्रॉक्सी म्हणजे हाच ड्रायव्हर. वेबसाइटला त्याचा आयपी अ‍ॅड्रेस दिसतो, त्याला तुमचा. त्यात तुम्ही स्वतःच्या मेलमध्ये लॉग-इन केलंत, तर पाकिटावर नाव तुम्हीच लिहिलंत की!

ड्रायव्हर तोंड उघडतो का? उघडतो. २०११ मध्ये सोनी पिक्चर्स हॅकिंग प्रकरणात अमेरिकेत एका तरुणाला अटक झाली. त्यानं ‘हाइड माय अ‍ॅस’ ही ब्रिटिश सेवा वापरली होती. कोर्टाचा आदेश आला आणि कंपनीनं लॉग देऊन टाकले. आपल्याकडेही सर्ट-इननं एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि आयपी ५ वर्षं जपून ठेवायला सांगितलं. नॉर्डव्हीपीएन, एक्स्प्रेसव्हीपीएनसारख्यांनी मग भारतातले सर्व्हरच हलवले.

फुकटच्या सेवेत आणखी एक गोम आहे. ‘होला’ ही फुकट सेवा वापरणाऱ्यांच्या कनेक्शनमधून परक्यांचा ट्रॅफिक जातो, हे २०१५ मध्ये चव्हाट्यावर आलं. म्हणजे उद्योग दुसऱ्याचे, आयपी तुमचा!

आयपी चुकीच्या माणसाच्या नावावर गेला की काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलंय. २००७ मध्ये ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह चित्र आलं म्हणून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका इंजिनिअरला उचललं. इंटरनेट कंपनीनं पुरवलेली आयपीची माहितीच चुकीची निघाली. तोवर त्या पोरानं ५० दिवस जेलमध्ये काढले होते.

मग प्रॉक्सी वापरायचीच नाही? वापरा ना! कॅफेच्या वाय-फायवर चांगलं व्हीपीएन कामाचंच आहे. फक्त ते फुकट का मिळतंय, हे आधी विचारा. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर कुठलीच चलाखी नको, कारण तिथे अ‍ॅडमिन तुमच्या शेजारच्याच सीटवर बसलेला असतो.

थोडक्यात काय, तुम्ही गायब होत नाही. तुम्हाला ओळखणारा माणूस तेवढा बदलतो. तो कोण आहे, हे माहीत असलेलं बरं!